झाडावरच्या अळंब्याची ओळख



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पगार, बोनस आणि हजेरी यांवर बोलणारी आम्ही माणसे. आम्ही झाडावर उगवणाऱ्या अळंब्यावर काय बोलणार? परंतु १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून गावोगाव ज्या माळा चालत आल्या, त्या काही पदवीधरांनी पदवीधरांपुढे बोलावे एवढ्यासाठी नव्हेत. आम्हांला जे थोडेफार शिक्षण मिळाले, ते अशाच मांडवांत मागच्या रांगेत बसून मिळाले. तेव्हा ज्या विषयाने आम्हांला कर्जत-खालापूरच्या वाड्यावाड्यांतून हिंडविले, तो आपणांपुढे मांडण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

विषय असा आहे. जिवंत झाडाच्या खोडावर एखादे विचित्र, पूर्वी न पाहिलेले अळंबे दिसले, तर ते काय आहे हे ठरवावयाचे कसे? वरवर पाहता हा छंदाचा प्रश्न वाटतो. पण ते झाड कोणाच्या तरी अंगणात असते. त्याच्या सावलीत मुले बसतात. त्याची फळे विकून कोणाच्या तरी घरी मीठमिरची येते. ते अळंबे औषधी आहे असे सांगून कोणी विकत मागतो, तर कोणी ते उगाळून बाळाच्या तोंडाला लावतो. ओळख चुकली तर चांगले झाड विनाकारण तोडले जाते, किंवा पोकळ फांदी माणसाच्या अंगावर येते, किंवा भलताच पदार्थ लेकराच्या पोटात जातो. म्हणून हा प्रश्न नुसत्या नावाचा नाही. काय केले पाहिजे हे ज्यावरून ठरते, आणि दुसऱ्याला पुन्हा तपासून पाहता येते, तीच खरी ओळख, असे आमचे म्हणणे आहे.

एक उदाहरण घेऊ. खालापूर तालुक्यात चौकच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक ठाकूरवाडी आहे. वाडीच्या मध्यावर जुना फणस आहे. त्याचे खोड दोघांच्या कवेत मावत नाही. त्याच्याखाली वाडीची बैठक भरते आणि दुपारपर्यंत अंगणवाडीची मुलेही तेथेच असतात. एका पावसाळ्यानंतर त्या खोडावर, माणसाच्या डोक्याच्या बरेच वर, जेथे पूर्वी एक जाड फांदी तोडलेली होती त्या जखमेखाली, घोड्याच्या खुरासारखे काहीतरी बाहेर आले. वरून काळपट व भेगाळलेले, कडेला पिवळसर तपकिरी, आणि बोटाने दाबले तर लाकडासारखे टणक. त्या वाडीतून खोपोलीच्या कारखान्यांत कामाला येणारे आमचे काही सभासद आहेत. त्यांनी आम्हांला पाहावयास बोलावले.

आम्ही गेलो तेव्हा वाडीत तीन मते होती. पहिले मत असे की झाडाला रोग झाला आहे, ते मुळापासून तोडून टाकावे. लाकडाचा एक व्यापारी तर भाव सांगूनही गेला होता. दुसरे मत असे की ती गाठ खरवडून काढावी, वर चुना-मोरचूद लावावे, झाड आपोआप बरे होईल. तिसरे मत असे की हा फणसोंबा आहे, औषधाच्या दुकानात त्याला पैसे मिळतात, कोणी हात लावू नये. तिन्ही मतांत थोडेथोडे तथ्य होते. परंतु तिघांपैकी एकानेही ती वस्तू उलटी करून तिच्या पोटाकडे पाहिलेले नव्हते.

ओळखीच्या पायऱ्या सांगण्यापूर्वी अळंबे म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. बुरशी, भूछत्र, अळंबी ही सारी कवकांची मंडळी. कवक हे झाड नव्हे. त्याला हिरवा रंग नाही आणि सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न करण्याची कला नाही. ते दुसऱ्याने साठविलेल्या अन्नावर जगते. झाडाच्या खोडावर आपल्याला जे दिसते ते केवळ त्याचे फळ. खरा जीव लाकडाच्या आत, केसाहून बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेला असतो, आणि फळ बाहेर येण्यापूर्वी कित्येक वर्षे तो आत काम करीत असतो. आंबे उतरविले म्हणून आंब्याचे झाड जात नाही, तसेच खोडावरचे अळंबे खरवडले म्हणून आतले कवक जात नाही. वाडीतले दुसरे मत येथेच निकालात निघते. उलट खरवडताना कोयत्याचे आणखी घाव बसतात, आणि घाव हेच कवकाचे दार आहे.

हे दार उघडते कसे, तेही आपल्या भागापुरते पाहू. वाऱ्याने फांदी मोडते, वीज पडते, रस्त्याच्या कामात मुळे तुटतात, तारांसाठी फांद्या छाटल्या जातात, पाट्या लावण्यासाठी खोडात खिळे ठोकतात. त्यात आपल्याकडे राबाची पद्धत. भाताचे रोप करण्याच्या जागेवर झाडांचे टहाळे आणि पालापाचोळा जाळावयाचा, ही ठाणे-कुलाब्याची जुनी रीत. या टहाळ्यांवरून सरकार आणि शेतकरी यांच्यात इतका तंटा झाला की जंगलासंबंधीच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला, आणि त्याचा अहवाल १८८७ साली आला. त्या गाऱ्हाण्यांत राबाचा प्रश्न मोठा होता. टहाळे तोडणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याला दुसरा मार्ग ठेवला होता काय, हा प्रश्न वेगळा आहे. सांगावयाचे एवढेच, की वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात उघडी जखम ओलीच राहते, आणि हवेतून उडत आलेल्या कवकाच्या बीजुकांना याहून चांगली जागा मिळत नाही.

आता ओळखीकडे वळू. पहिली पायरी आम्हांला एका म्हाताऱ्या कातकरी बाईने शिकविली. कर्जत तालुक्यात खांडसच्या बाजूला आम्ही एक वाळलेले अळंबे घेऊन तिच्यापुढे ठेवले आणि हे काय म्हणून विचारले. ती हसली आणि म्हणाली, "भाऊ, आधी झाड सांगा, मग अळंब सांगते." कोणत्याही कवकशास्त्रज्ञाने याहून वेगळा प्रश्न प्रथम विचारला नसता. पुष्कळ कवके ठरावीक झाडांवरच येतात. म्हणून झाडाचे नाव ही पहिली नोंद. ते झाड जिवंत आहे की वठलेले, अळंबे बुंध्याशी मुळांवर आहे की वर खोडावर, सालीतून आले आहे की जुन्या जखमेतून, हेही त्याबरोबर लिहावे. आणि झाडाच्या नावात आदिवासी माणूस आपणां बहुतेकांहून पक्का असतो. ज्यांच्या जमातीचे नावच खैराच्या कातावरून पडले, त्यांना खैर वरून भरीव दिसला तरी आतून पोकळ आहे हे ठाऊक असते. खैराचा गाभा कुजविणारे एक कवक शास्त्रज्ञांनी फेलिनस बेडियस या नावाने नोंदविले आहे, आणि ते याच फणसोंब्याच्या गोत्यातले आहे.

दुसरी पायरी म्हणजे पोटाकडे पाहणे. आजकाल हातात मोबाईल असतो. लोक अळंब्याचा वरून फोटो काढतात आणि नाव विचारतात. वरचा रंग ऊनपावसाने बदलतो, धुळीने बदलतो, शेवाळाने तर हिरवाही होतो. खालची बाजू मात्र सहसा खोटे बोलत नाही. तेथे छत्रीखाली असतात तसे पातळ पडदे आहेत की बारीक छिद्रे आहेत, ते पाहावे. आंब्याच्या वाळक्या फांदीवर पंख्यासारखे, पांढुरके, लोकरी अळंबे पुष्कळदा दिसते. त्याच्या खालच्या पडद्यांची कड मधोमध चिरलेली असते. ते स्कायझोफायलम, जगभर आढळणारे. आपल्या फणसावरच्या वस्तूला पडदे नव्हते. भिंग लावले तेव्हा तपकिरी पृष्ठभागावर छिद्रे दिसली. ती इतकी लहान की एका मिलिमीटरात पाचसहा मावावीत.

तिसरी पायरी, ते एका हंगामाचे आहे की अनेक वर्षांचे आहे. मऊ, पाणीदार अळंबे पावसाबरोबर येते आणि सडून जाते. लाकडासारखे टणक असेल तर ते वर्षानुवर्षे तेथेच वाढते आणि खालच्या बाजूला नळ्यांचा नवा थर धरते. उभे कापले म्हणजे हे थर एकावर एक दिसतात. मात्र थर मोजून वय छातीठोकपणे सांगू नये. एका वर्षी दोन थर धरतात, कधी एखादे वर्ष कोरडे जाते.

चौथी पायरी, वरचे कवच आणि आतला रंग. गुलमोहराच्या बुंध्याशी किंवा मुळांवर पुष्कळदा एक तांबूस, लाखेचे रोगण दिल्यासारखे चकचकीत अळंबे येते. त्याच्या आसपासच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी धूळ बसलेली असते; ती त्याची बीजुके. हा गॅनोडर्मा. हे नाव फिनलंडच्या कार्स्टेन याने १८८१ साली दिले. त्याच्याच एका जातीच्या पांढऱ्या पोटावर काडीने ओरखडा काढला की तो तपकिरी होतो आणि तसाच राहतो. परदेशात लोक त्यावर चित्रे काढतात. फणसावरच्या आमच्या वस्तूला रोगण नव्हते. तोडलेल्या तुकड्याचा आतला रंग गंजलेल्या लोखंडासारखा होता. त्यावर कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावाचा थेंब टाकला, तेव्हा ती जागा काळी पडली. फेलिनस ज्या कुळात मोडतो त्या कुळाची ही जुनी, भरवशाची खूण आहे. हा द्राव कातडी भाजतो; ही परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या हातून व्हावी, मुलांनी घरी करू नये.

येथपर्यंतच्या पायऱ्या डोळा, भिंग, सुरी आणि एक बाटली एवढ्यावर होतात. पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची. बीजुके गोल की लांबट, त्यांची भिंत जाड की पातळ. गॅनोडर्माच्या बीजुकाला दुहेरी भिंत असते आणि त्याचे एक टोक छाटल्यासारखे दिसते. तंतू किती प्रकारचे, त्यांच्या सांध्यावर गाठ आहे की नाही. फेलिनसच्या तंतूंना अशी गाठ नसते. शेवटची पायरी जनुकद्रव्य वाचण्याची. कवकांसाठी या द्रव्याचा कोणता तुकडा सर्वांनी वाचावा, यावर निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी एकत्र काम करून २०१२ साली एक तुकडा सुचविला, आणि आता तोच बहुतेक ठिकाणी वापरतात.

इतक्या पायऱ्या कशाला, एक चांगले चित्रांचे पुस्तक पुरे नाही काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर संख्येत आहे. जगात आजवर सुमारे दीड लाख कवकांना नावे मिळाली आहेत. पण प्रत्यक्षात ती बावीस ते अडतीस लाख असावीत, असा अंदाज २०१७ साली दोन शास्त्रज्ञांनी मांडला. म्हणजे पुस्तकात नसलेलेच जास्त. चित्र जुळवून नाव ठेवणे म्हणजे चेहरा मिळताजुळता आहे म्हणून एकाच्या खात्यातला पगार दुसऱ्याला देण्यासारखे आहे.

आता वाडीतल्या तिसऱ्या मताकडे, म्हणजे फणसोंब्याकडे येऊ. फणसाच्या खोडावर येणारे हे टणक अळंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात फार जुन्या काळापासून घरगुती औषधात आहे. काही ठिकाणी त्याला फणसाळंबे म्हणतात. लहान मुलाची लाळ फार गळू लागली किंवा तोंड आले, म्हणजे ते सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात. काष्ठौषधीच्या दुकानांत त्याचे तुकडे मिळतात. ही गोष्ट वैद्य आणि राब्बा या अभ्यासकांनी १९९३ साली इंग्लंडच्या एका कवकविषयक नियतकालिकात लिहून शास्त्रज्ञांपुढे ठेवली. आजीच्या सहाणेवरची वस्तू अशा रीतीने शास्त्राच्या दप्तरी नोंदली गेली, हे मोठेच काम झाले.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. लोक एखादी वस्तू अशी वापरतात हे नोंदविणे एक, आणि त्या वापराने गुण येतो हे सिद्ध करणे दुसरे. शिवाय बाजारात फणसोंबा या एकाच नावाखाली फेलिनसच्या गोत्यातल्या अनेक जाती येतात. साऱ्याच फणसावरच्या असतात असेही नाही. दुकानातल्या तुकड्याला झाड नसते, पोट घासून गेलेले असते. त्या कातकरी बाईचा पहिला प्रश्न दुकानात विचारता येत नाही. तेव्हा बाळाच्या तोंडाला काही लावण्यापूर्वी डॉक्टरला दाखवावे, एवढे आम्ही आवर्जून सांगतो. तान्हे मूल ही प्रयोगाची जागा नव्हे.

नाव चुकल्याने केवढा घोटाळा होतो याचे एक उदाहरण पूर्वेकडच्या देशांतले आहे. चीन, कोरिया आणि जपान येथे तुतीच्या झाडावर येणारे एक टणक अळंबे औषधी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला सांगह्वांग म्हणतात. पुष्कळ वर्षे त्याला फेलिनस लिंटियस हे शास्त्रीय नाव लावले जात होते. कितीतरी संशोधन आणि व्यापार त्या नावावर चालला. २०१२ साली तैवानचे वू आणि त्यांचे सहकारी यांनी नमुने पुन्हा तपासले, तेव्हा असे निघाले की फेलिनस लिंटियस ही अमेरिकेच्या उष्ण भागातली वेगळी जात आहे, आणि तुतीवरच्या खऱ्या अळंब्याला तोवर स्वतःचे नावच नव्हते. ते त्याच अभ्यासात दिले गेले. तो पेच सुटण्यास झाडाची नोंद फार उपयोगी पडली, कारण खरे सांगह्वांग तुतीवरच येते. आपला फणस हा तुतीच्याच कुळातला. तेव्हा फणसोंब्याबाबतही ज्याच्या त्याच्या झाडाची नोंद राहिली पाहिजे, हा धडा आपण परक्याच्या अनुभवावरून घ्यावा.

खुद्द फेलिनस या नावाचीही अशीच वाटणी झाली आहे. १८८६ साली फ्रान्सच्या केले याने हे नाव दिले. पुढे त्यात शेकडो जाती कोंबल्या गेल्या. २००२ साली वाग्नर आणि फिशर या जर्मन शास्त्रज्ञांनी जनुकद्रव्याच्या पुराव्यावर त्याचे अनेक भाग पाडले. म्हणून जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्यात दुसरे असे दिसले, तर गोंधळून जाऊ नये. पुरावा वाढला म्हणजे नाव बदलते. नमुना जपून ठेवलेला असला तर ते बदल पचतात. नमुना नसेल तर नुसत्या नावाचे ओझे उरते.

आता त्या फणसाचे काय झाले ते सांगतो. ओळख जेवढी पुराव्याने निघत होती तेवढी वहीत लिहिली : जिवंत फणस, जुन्या तोडीची जखम, बहुवर्षायू, पोटाला बारीक छिद्रे, गंजाच्या रंगाचे मांस, पोटॅशने काळे, फेलिनसचा गट. या गटातली कवके लाकूड कसे कुजवितात हे ठाऊक आहे. लाकडात दोन मुख्य द्रव्ये. सेल्युलोज हे दोऱ्यासारखे आणि लिग्निन हे दोरे बांधून ठेवणाऱ्या चिकणद्रव्यासारखे. काही कवके सेल्युलोज खाऊन लिग्निन टाकून देतात. मग लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत भेगाळते. फेलिनस लिग्निनही खातो; लाकूड फिकट, तंतुमय आणि स्पंजासारखे होते. तो बहुधा गाभ्यात राहतो. झाडाचे पाणी आणि अन्न मात्र बाहेरच्या जिवंत लाकडातून आणि सालीतून वाहत असते. त्यामुळे गाभा पोकळ झाला तरी झाड पाने धरते, फणस धरते, आणि पुष्कळ वर्षे जगते. धोका मरणाचा नसून मोडण्याचा असतो.

म्हणजे विचारावयाचा प्रश्न बदलला. "झाड रोगी आहे काय?" हा प्रश्न मागे पडला, "ते कोठे कमकुवत आहे आणि त्याखाली कोण बसते?" हा पुढे आला. वाडीतल्या एका सुताराने लाकडी मोगरी घेऊन खोड सभोवार ठोकून पाहिले. बुंधा भरीव वाजला. जखमेच्या बाजूला, अंगणवाडीवर झुकलेल्या मोठ्या फांदीच्या बेचक्यात आवाज ढोलासारखा आला. तेव्हा असे ठरले की झाड ठेवावे, ती एक फांदी रीतसर उतरवावी, आणि पावसाळाभर मुलांची जागा झाडाच्या दुसऱ्या बाजूस, दूर न्यावी. १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या यादीत फणस आहे. म्हणून अर्जही केला. परवानगीला लागला तेवढा वेळ लागला. तोवर वाडीच्या बायकांनी त्या फांदीखाली काट्यांचे कुंपण घालून ठेवले होते. झाड आजही फणस देते. एका नीट पाहिलेल्या अळंब्यामुळे व्यापाऱ्याचा सौदा हुकला, आणि मुलांच्या डोक्यावरची फांदीही उतरली.

कोणी म्हणेल, या कवकांचा नायनाटच का करू नये? ते शक्य नाही आणि इष्टही नाही. राजमाचीपासून भीमाशंकरापर्यंतच्या रानात दर वर्षी पडणारे लाकूड कुजविणारे कोणी नसते, तर मातीला काहीच परत मिळाले नसते. पोपट, पिंगळे आणि धनेश यांना राहावयास ढोली मिळते ती बहुधा अशाच कवकांच्या कामामुळे. मनुष्यानेही त्यांचा उपयोग फार पूर्वीपासून केला आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फाखाली सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. त्याच्या सामानात झाडावरची दोन प्रकारची अळंबी होती. एक विस्तव पेटविण्याची, आणि दुसरी भूर्जवृक्षावरची, दोरीसारख्या कातड्यात ओवलेली. तो माणूस शिकला-सवरलेला नव्हता; पण कोणते अळंबे कशासाठी, हे त्याला वेगळे ओळखता येत होते.

आता, कामगार चळवळीतल्या माणसांना या साऱ्याची ओढ का लागली, ते सांगून टाकतो. दगडाच्या खाणीत किंवा वाळूच्या भुकटीत काम करणारा मजूर खोकू लागतो. "छातीत दुखते" एवढेच तो सांगतो. त्याला खोकल्याचे औषध देऊन परत पाठवितात. पण छातीचा फोटो काढून, कामाचा इतिहास लिहून, त्याच दुखण्याला सिलिकोसिस हे नाव पुराव्याने मिळाले, की गोष्ट बदलते. कारण नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ते नाव आहे. दुखणे तेच, माणूस तोच; परंतु नाव सिद्ध झाले की जबाबदारी कोणाची हे ठरते. आम्ही आयुष्यभर ही नावे सिद्ध करण्याची धडपड पाहिली आहे. पुराव्याशिवाय घेतलेले नाव पहिल्याच उलटतपासणीत गळून पडते, हेही पाहिले आहे. झाडावरच्या अळंब्याला वेगळा न्याय लावण्याचे आम्हांला कारण दिसत नाही.

फणसोंब्याच्या बाबतीतही जबाबदारीचा प्रश्न आहेच. वाड्यांवरून तो गोळा होतो, शहरात विकला जातो. गोळा करणाऱ्याच्या हातात किरकोळ पैसे पडतात आणि त्याने सांगितलेली माहिती फुकट जाते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने आपली समिती नेमून, लोकांकडे असलेल्या अशा ज्ञानाची नोंदवही करावयाची आहे. या वहीत "फणसोंबा, औषधी" एवढेच लिहिले तर ते कोणत्याही कामाचे नाही. कोणत्या झाडावर, कोणत्या वाडीत, कोण कशासाठी वापरतो आणि नमुना कोठे ठेवला आहे, हे लिहिले तर ती वही वाडीच्या बाजूने साक्ष देईल.

म्हणून आमची या सभेला एक सूचना आहे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या वाचनालयांनी आणि शाळांनी अळंब्यांची एक वही सुरू करावी. खर्च जवळजवळ नाही. नमुना सावलीत आणि वाऱ्यावर खडखडीत वाळवावा. कागदी पाकिटात ठेवावा, प्लास्टिकमध्ये नको. त्यात तो घामेजून कुजतो. पाकिटावर पाच गोष्टी लिहाव्यात : झाड कोणते, गाव-वाडी कोणती, तारीख, झाडावर कोठे होते, आणि कोणी दाखविले. पाचवी गोष्ट विसरू नये. कातकरी बाईने दाखविले असेल तर तिचे नाव, तिला विचारून, तेथे लिहावे. पोटाचा आणि उभ्या कापाचा फोटो वेगवेगळा काढावा. नमुन्यापुरता एक तुकडा घ्यावा. सारे खोड खरवडू नये. आणि खाण्यासाठी कोणतेही अनोळखी अळंबे या वहीच्या भरवशावर चुलीवर ठेवू नये. श्रावणात रस्त्याकडेला वारुळावरची भुईफोड अळंबी विकणारी बाई आपल्या माहितीवर विकते. ती माहिती पुस्तकावरून येत नसते.

पुढच्या तपासणीसाठी आपल्याला फार दूर जावयाचे नाही. घाट चढला की पुणे. तेथे १९४६ साली स्थापन झालेली आणि आज आघारकरांच्या नावाने चालणारी संशोधन संस्था आहे. तिच्या अजरेकर कवक संग्रहात वाळविलेले नमुने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले आहेत. १९७१ साली डॉ. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील कवकांची मोठी यादी प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी डेहराडूनच्या डॉ. बक्षी यांचा भारतातल्या छिद्रवाल्या अळंब्यांवरचा ग्रंथ निघाला. ही कामे कोणी एकट्याने केलेली नाहीत. प्रत्येक पाकिटामागे कोणीतरी पावसात झाडाखाली उभा राहिलेला आहे. त्या पाकिटांत कर्जत-खालापूरच्या वाड्यांची नावे दिसावीत, असे आम्हांला वाटते.

पाऊस आता दीड-दोन महिन्यांवर आला आहे. त्याआधी आपापल्या वाडीतले, शाळेतले, चाळीतले एकेक मोठे झाड बुंध्यापासून बेचक्यापर्यंत पाहून घ्यावे. काही दिसले तर हात लावण्यापूर्वी वही काढावी, आणि तालुक्याच्या वाचनालयात आणून दाखवावी. पहिले पाकीट आम्ही आज अध्यक्षांच्या टेबलावर ठेवले आहे; त्यावर पाचही गोष्टी लिहिल्या आहेत. सभा संपल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी भिंग घेऊन पाहावे.